उबुंटूवरून डेबियनवर: महालातल्या एका वाचनालयाचे प्रकरण

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या वाचनालयाने 2025 मध्ये आपले नऊ संगणक उबुंटूवरून डेबियनवर नेले. दोन्ही लिनक्सच्या घराण्यातल्या, विंडोजच्या जागी वापरायच्या संगणकप्रणाली. ही त्या बदलाची नोंद. विंडोज सोडून लिनक्सवर येण्याबद्दल मराठीत थोडेफार लिहिलेले सापडते. एका लिनक्सवरून दुसऱ्या लिनक्सवर जाणे मात्र 'आतून सारखेच तर आहे' म्हणून कोणी लिहून ठेवत नाही. आतून सारखेच आहे, हे खरे. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा तोच, लिबरऑफिस तेच, फायरफॉक्सही तोच. या प्रकरणात जो त्रास झाला तो यांपैकी कशाचाच नव्हता.

वाचनालयाच्या तळमजल्यावर पुस्तके आणि देवघेव, वर अभ्यासिका. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, बँक अशा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली तिथे दिवसभर बसतात. वर आठ संगणक, खाली देवघेवीच्या टेबलावर एक, आणि आतल्या खोलीत हिशोबाचा एक. हिशोबाचा विंडोजवर, बाकी नऊ उबुंटू 20.04 वर. सगळी यंत्रे सीताबर्डीतून घेतलेली, कुठल्या ना कुठल्या कार्यालयातून निघालेली: जुन्या पिढीचे कोअर आय-3, 4 जीबी रॅम, फिरती हार्डडिस्क. नागपूरच्या मे महिन्यात कूलरच्या ओल्या वाऱ्यात आणि धुळीत ही यंत्रे चालतात हेच मुळात कौतुकाचे.

उबुंटू 20.04 एप्रिल 2020 मध्ये आले आणि त्याचा पाच वर्षांचा नेहमीचा आधार मे 2025 अखेर संपला. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येत नाहीत. समितीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "चालू आहे ना सगळं? मंग हात कायले लावता?" प्रश्न रास्त होता. घरातला एकट्याचा संगणक असता तर आणखी काही महिने तसाच चालवला असता तरी फार बिघडले नसते. इथे मात्र दिवसभरात वेगवेगळी मुले त्याच ब्राउझरमध्ये अर्ज भरतात, आधार कार्डाची पीडीएफ उतरवतात, परीक्षेचे शुल्क भरतात. अशा यंत्रावर दुरुस्त्या बंद झालेला ब्राउझर ठेवणे योग्य नव्हते. समितीलाही ते पटले.

पर्याय कसे गळत गेले

उबुंटूतच राहून आयुष्य वाढवण्याचा मार्ग होता. उबुंटू प्रो घेतले की 20.04 ला 2030 पर्यंत दुरुस्त्या मिळतात, आणि एका खात्यावर पाच यंत्रांपर्यंत ते फुकट आहे. यंत्रे नऊ. दोन खाती काढा, अशी युक्ती कोणीतरी सुचवली. सार्वजनिक संस्थेने असल्या पळवाटा काढू नयेत, असे ग्रंथपाल मॅडमनी स्पष्ट सांगितले आणि विषय तिथेच संपला.

दुसरा मार्ग वर चढण्याचा: 20.04 वरून 22.04, तिथून 24.04. मधली पायरी गाळून उडी मारता येत नाही. शिवाय उबुंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपला 4 जीबी रॅम लागते असे ते स्वतःच सांगतात. म्हणजे आपली यंत्रे उंबरठ्यावर उभी. 22.04 पासून फायरफॉक्स स्नॅप या उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेज-स्वरूपात येतो आणि स्नॅप दिवसातून चार वेळा अद्ययावत आवृत्ती आहे का ते आपणहून पाहतो. हे थांबवता येते, लांबवता येते, त्यात काही गैरही नाही. पण दर वेळी 'हे कसे थांबवायचे' यापासून सुरुवात करावी लागणार असेल, तर तो डेस्कटॉप आपल्या जागेसाठी बनलेला नाही असे माझे मत आहे.

फेडोरा या आणखी एका लिनक्सचा विचार पाच मिनिटे झाला. एका आवृत्तीला साधारण 13 महिने आधार. अभ्यासिकेला ते परवडणारे नाही.

लिनक्स मिंट मात्र तगडा उमेदवार होता. मिंट 22 हे उबुंटू 24.04 च्या पायावर उभे आहे, आधार 2029 पर्यंत, एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती तयार मिळते आणि स्नॅप मुळातच बंद असतो. कोणाच्या घरी एकच जुना संगणक असेल तर मी आजही मिंटच सांगेन. वाचनालयाने डेबियन घेतले त्याचे कारण तांत्रिक कमी, माणसाचे जास्त. यंत्रांची देखभाल करायला रविवारी येणारा तरुण याच अभ्यासिकेत शिकून आता मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला आहे, आणि तिथे तो दिवसभर डेबियनचे सर्व्हर सांभाळतो. सगळे त्याला भाऊ म्हणतात, इथेही तसेच म्हणू. जे भाऊला झोपेतून उठवले तरी दुरुस्त करता येते, ते घेणे शहाणपणाचे.

त्यात वेळापत्रकाचा मुद्दा मिळाला. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, तिला तीन वर्षे पूर्ण आणि पुढे दोन वर्षे दीर्घकालीन आधार असतो. मधल्या काळात सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात, पण मेनू हलत नाही, बटणे जागा बदलत नाहीत. पूर्वपरीक्षा तोंडावर असताना मुलांना नवे काही शिकायला लागू नये, ही मॅडमची एकमेव अट होती.

12 की 13

जूनमध्ये वरच्या एका यंत्रावर डेबियन 12 टाकून पाहिले. जुन्या डेबियनच्या आठवणी असलेल्यांना वायफाय चालवणारे फर्मवेअर वेगळे शोधावे लागण्याची धास्ती असते. 12 पासून ते फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असते, त्यामुळे ती अडचण आलीच नाही. सगळी यंत्रे याच आवृत्तीवर न्यायची असे ठरले आणि 9 ऑगस्ट 2025 ला डेबियन 13 बाहेर आले.

आता काय? डेबियन 12 ला दीर्घकालीन आधार जून 2028 पर्यंत, 13 ला जून 2030 पर्यंत. नव्या आवृत्तीची पहिली दुरुस्ती येईपर्यंत थांबावे हा जाणत्यांचा नेहमीचा सल्ला, आणि तो बरोबरच असतो. पण आत्ता 12 टाकायचे म्हणजे दोन वर्षे सोडून द्यायची, किंवा तीच कटकट लवकर पुन्हा करायची. भाऊने मधला रस्ता काढला: अभ्यासिकेच्या यंत्रांवर थेट 13, कारण त्यातले एखादे अडले तर मुले शेजारच्या यंत्रावर बसतील. देवघेवीचे यंत्र एकुलते एक, ते आधी 12 वर न्यायचे आणि 13.1 ही पहिली दुरुस्ती आल्यावर 13 वर. 13.1 हे 6 सप्टेंबरला आलेही. धोका कुठे घ्यायचा आणि कुठे नाही, हे यंत्रागणिक ठरवले ही या प्रकरणातली मला सर्वात आवडलेली गोष्ट.

मुख्य काम मारबतीच्या दिवशी झाले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या पुतळ्यांची मिरवणूक निघते, इतवारी-महालच्या रस्त्यांवर पाय ठेवायला जागा नसते, वाचनालय बंदच असते. खाली 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' चालू, वर इन्स्टॉलर चालू. काढलेल्या हार्डडिस्कचा एक बडग्या (मारबतीसोबतचा पुतळा) करून मिरवणुकीत सोडावा, असा प्रस्ताव अभ्यासिकेतल्या एका मुलाने मांडला. तो मंजूर झाला नाही.

वेगाचे श्रेय कोणाचे

त्याच वेळी प्रत्येक यंत्राची हार्डडिस्क काढून दीड हजारांच्या घरातली एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली. दुसऱ्या दिवसापासून सगळे म्हणू लागले, "डेबियन लई फास्ट आहे भाऊ." इथे सावध राहावे. भाऊने एका यंत्राची जुनी उबुंटू प्रणाली जशीच्या तशी एसएसडीवर उतरवून पाहिली होती. सुरू होण्याच्या वेगात ती डेबियनच्या बरोबरीने धावली. उलट डेबियन फिरत्या डिस्कवर टाकले तर सुरू व्हायला ते जवळपास पूर्वीइतकेच रेंगाळते. फरक पडतो तो रॅममध्ये: डेबियनसोबत घेतलेला एक्सएफसीई नुसता उघडून ठेवला तर उबुंटूच्या नोम या नेहमीच्या डेस्कटॉपच्या मानाने अर्ध्याच्या आसपास जागा खातो, आणि 4 जीबीत ब्राउझरचे चार टॅब जास्त उघडतात. थोडक्यात, वेग एसएसडीने दिला आणि मोकळीक एक्सएफसीईने. केवळ हळू चालते म्हणून कोणी प्रणाली बदलायला निघाला असेल, तर त्याने आधी डिस्क बदलून पाहावी.

जुन्या डिस्क मात्र पुसल्या नाहीत. प्रत्येकीवर यंत्राचा क्रमांक लिहून त्या कपाटात ठेवल्या. ते पुढे फार उपयोगी पडले.

मराठीच येऊन नाही राहिली

पहिल्याच दिवशी मॅडमचा फोन. "भाऊ, मराठीच येऊन नाही राहिली." उबुंटूच्या डेस्कटॉपमध्ये आयबस ही टंकन-व्यवस्था आतच गुंफलेली असते, सेटिंगमध्ये मराठी निवडले की झाले. एक्सएफसीईत तसे नसते. आयबस, त्याचे एम-17-एन हे भारतीय लिप्यांचे आराखडे पुरवणारे पॅकेज आणि आयएम-कॉन्फिग ही तिन्ही बसवावी लागतात, मग आयएम-कॉन्फिगमध्ये आयबस निवडायचे आणि खात्यातून एकदा बाहेर पडून पुन्हा आत यायचे. हे शेवटचे पाऊल बरेच जण विसरतात आणि 'डेबियनमध्ये मराठी नाही' असा निष्कर्ष काढतात. भाषा बदलण्याची कळही वेगळी लावलेली असते. ती पूर्वीसारखीच करून दिली, कारण बोटांना एकदा लागलेली सवय मोडायला सांगण्यात अर्थ नव्हता.

मराठी आली, पण खरा पेच त्यानंतर निघाला. वाचनालयाची पुस्तकयादी लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये आहे, हजारो ओळींची. मॅडमनी शोधात 'शेतकऱ्यां' असे टाकले तर मोजकीच पुस्तके दिसली. विदर्भातल्या वाचनालयात या शब्दाची पुस्तके इतकी थोडी असणे शक्य नाही. डोळ्यांनी यादी खाली सरकवली तर दिसतात, शोधात सापडत नाहीत!

कारण युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत आहे. 'ऱ्य' मधला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडणे. दुसरी, साधा र, हलन्त आणि मग शून्य रुंदीचा जोडक हे अदृश्य चिन्ह. दोन्ही युनिकोडला मान्य, पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. शोधणाऱ्या संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. यादीतला जुना भाग वर्षांपूर्वी कोणीतरी ऑनलाइन टंकन-साधनात लिहून चिकटवला होता, त्यात जोडकवाली पद्धत. आता मॅडमना दिलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकात मोठा जे (शिफ्टसह जे) दाबला की टिंबवाला ऱ येतो. म्हणजे घोळ आधीपासून यादीत होताच. डेबियनने तो फक्त उघडा पाडला.

भाऊने यादीची प्रत काढली आणि छोट्या पायथॉन स्क्रिप्टने 'र, हलन्त, जोडक' हा क्रम जिथे असेल तिथे ऱ आणि हलन्त घातला. र आणि नुक्ता असे सुटे लिहिलेलेही काही सापडले. ते युनिकोडच्या नेहमीच्या एनएफसी सामान्यीकरणात आपोआप एका अक्षरात बसले. 'शेतकऱ्यां', 'दऱ्या', 'गावकऱ्यां', सगळे सापडू लागले. मराठीत यादी, नोंदवही, मतदारांची नावे असले काहीही संगणकावर ठेवणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तपासावे. त्यासाठी प्रणाली बदलण्याची वाट पाहायला नको.

जुन्या सूचनापत्रांची गोष्ट वेगळी. ती कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, आणि त्यात मुळात रोमन अक्षरे साठवून वर देवनागरीचे चित्र दाखवलेले असते. नव्या प्रणालीवर तो फॉन्ट नव्हता म्हणून सगळे पान गचपण दिसू लागले. लोहित किंवा नोटो देवनागरी हे युनिकोडचे फॉन्ट बसवून यात काही होत नाही. रूपांतरच करावे लागते. ते अजून व्हायचे आहे.

कोणाला आठवत नसलेल्या सोयी

अभ्यासिकेत नवी प्रणाली आल्यावर आठवडाभरात एका मुलीने सांगितले की डाउनलोडच्या फोल्डरमध्ये दुसऱ्या कोणाचे तरी आधार कार्ड पडलेले आहे. पूर्वी असे होत नव्हते. का होत नव्हते, हे कोणालाच सांगता येईना. कपाटातली त्या यंत्राची जुनी डिस्क जोडून पाहिली तेव्हा रूटच्या (मुख्य प्रशासक खात्याच्या) क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप करायच्या कामांच्या यादीत, एक ओळ सापडली: रोज रात्री विद्यार्थ्यांच्या सामायिक खात्यातला डाउनलोड रिकामा करणारी. पूर्वी देखभाल करणाऱ्या कोणीतरी, जो आता पुण्यात आहे, ती लिहिली होती आणि कुठेही नोंदवली नव्हती. तीच ओळ सर्व यंत्रांवर घातली, शिवाय फायरफॉक्स बंद केला की इतिहास पुसला जाईल असे केले. या प्रकरणात गंभीर म्हणावी अशी हीच एक गोष्ट, आणि ती ना उबुंटूची ना डेबियनची.

प्रिंटरचेही तेच. देवघेवीच्या टेबलावरचा लेझर प्रिंटर अशा जातीचा आहे की वीज गेली की तो आपले फर्मवेअर विसरतो आणि संगणकाने ते पुन्हा भरावे लागते. त्यासाठी ड्रायव्हरखेरीज कंपनीचे बंद स्वरूपातले प्लगइन लागते, आणि दोघांच्या आवृत्त्या तंतोतंत जुळाव्या लागतात. उबुंटूवर ते कधीतरी कोणीतरी बसवले होते. डेबियन 12 वर बसवले, 13.1 वर गेल्यावर पुन्हा बसवावे लागले. यावेळी मात्र ते वहीत लिहिले.

डेबियन 13 चा एक बदल या छोट्या यंत्रांना नेमका बोचला. यात तात्पुरत्या फायलींचा टीएमपी हा फोल्डर डिस्कऐवजी रॅममध्ये ठेवलेला असतो, रॅमच्या निम्म्यापर्यंत. 16 जीबीच्या यंत्राला याचे काही वाटणार नाही. 4 जीबीच्या देवघेवीच्या यंत्रावर मॅडम जुन्या दुर्मीळ अंकांची पाने स्कॅन करतात, स्कॅनरचा कार्यक्रम ती पाने तिथेच साठवत जातो, आणि एक मोठा अंक अर्ध्यावर आला की यंत्र गुदमरते. प्रकाशन-टिपणात हे स्पष्ट लिहिलेले आहे, उपायही तिथेच: टीएमपी डॉट माउंट हे सिस्टिमडीचे (प्रणालीतल्या सेवा सांभाळणाऱ्या कार्यक्रमाचे) युनिट मास्क करायचे, म्हणजे बंद ठेवायचे, आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. प्रकाशन-टिपण वाचायचा कंटाळा फार महाग पडतो. वरच्या यंत्रांवर रॅममधला मजकूर दाबून जागा वाचवणारे झेडरॅम लावले, तिथे टीएमपी रॅममध्येच राहू दिला.

किरकोळ गोष्टी पटापट. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये रूटचा पासवर्ड मागितला तर तो रिकामा सोडावा, म्हणजे पहिल्या वापरकर्त्याला सुडो, म्हणजे प्रशासकाची कामे करण्याची मुभा, आपोआप मिळते. भरला तर मिळत नाही आणि उबुंटूची सवय असलेला माणूस गोंधळतो. उबुंटूसाठीचे पीपीए म्हणजे बाहेरचे सॉफ्टवेअर-साठे डेबियनला जोडू नयेत, कितीही मोह झाला तरी. फायरफॉक्सची जुनी प्रोफाइल उचलून आणता येत नाही, कारण डेबियनमध्ये दीर्घ आधाराची म्हणजे जुन्या क्रमांकाची आवृत्ती असते आणि नव्या आवृत्तीची प्रोफाइल जुन्यात उघडायला फायरफॉक्स नकार देतो; खुणा (बुकमार्क) वेगळ्या फायलीत काढून आणाव्यात.

आणि मुलांनी स्वतःहून मागितलेली एकच गोष्ट: अर्जासाठी फोटो आणि सही ठरावीक केबीत बसवणे. पूर्वी ते कुठल्यातरी संकेतस्थळावर फोटो चढवून करायचे. थुनार या फाइल-व्यवस्थापकात स्वतःच्या कृती जोडता येतात. भाऊने इमेजमॅजिक या चित्रे बदलणाऱ्या कार्यक्रमाची एक आज्ञा तिथे बसवली; आता फोटोवर उजवी टिचकी मारली की 'फोटो लहान करा' असे येते. सगळ्या बदलात वरच्या मजल्यावर कौतुक झाले ते एवढ्याचेच. डेबियन हे नाव बहुतेकांना आजही माहीत नाही, आणि असण्याचे कारणही नाही.

आजची स्थिती अशी की नऊही यंत्रे 13 वर आहेत, दुरुस्त्या रात्री आपोआप बसतात, जुन्या डिस्क अजून कपाटात आहेत. देखभालीची वही टेबलाच्या खणात असते. क्रॉनची ओळ, प्रिंटरचे प्लगइन, टंकनाचे आराखडे, सगळे तीत मराठीत लिहिलेले, कारण उद्या भाऊचीही बदली होऊ शकते. उरला आतल्या खोलीतला हिशोबाचा संगणक. त्यावर विंडोज 10 आहे, त्याचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि यंत्र विंडोज 11 च्या अटींत बसत नाही. "मंग यालेही डेबियनच टाका ना," असे आता तेच ज्येष्ठ सदस्य म्हणतात. पण हिशोबाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते आणि लेखापरीक्षकांना त्याच स्वरूपात माहिती लागते. तूर्त त्या यंत्राचे इंटरनेट काढून ठेवले आहे. पुढच्या बैठकीत नवे यंत्र घेण्याचा विषय आहे.